साप अजून तिथंच बसला होता

सरांच्या घराचं कवेलू उतरवून टिन टाकायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. चादरीत गुंडाळलेलं एक धूड आणि एक पत्र्याची पेटी. काकूंचा फोन आला, "तू मोटारी भरतोस नं रे, येऊन पाहून जाय एकदा. उद्या कबाडी येऊन राह्यला. मंग म्हनशीन, काकूनं सांगितलं नाही." हातातलं आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा गाभा, टेबलावर तसंच ठेवून मी निघालो.

चादर सोडायच्या आधीच मला माहीत होतं आत काय आहे. १९९४ साली सरांनी स्वतःच्या पगारातून नागपूरहून एक जुनी पीसी-एक्सटी, म्हणजे पहिल्या पिढीतला घरगुती कॉम्प्युटर, आणली होती. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा टेलिफोनसुद्धा दोनच घरी होता. मशीनला हार्ड डिस्क नव्हती. सव्वापाच इंची फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची पातळ चकती, ड्राइव्हमध्ये सरकवायची, वरची दांडी फिरवायची, की ते कर्रकर्र करत डॉस, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, उचलायचं. दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ पोरं सरांच्या ओसरीत बसायचो, आणि बसायचो ते 'ॲडव्हेंचर' नावाच्या एका खेळासाठी.

त्या खेळात चित्र नाही, आवाज नाही. पिवळसर अक्षरांत इंग्रजी वाक्यं यायची. तुम्ही कुठं उभे आहात, समोर काय दिसतं, खाली काय पडलं आहे. आपण फार तर दोन शब्द टाइप करायचे. दिवा घे. आत जा. जाळी उघड. मशीन पुढचं वाक्य लिहायचं आणि आपण कुठंतरी दुसरीकडं पोचलेलो असायचो. सरांनी साठेक शब्दांची यादी मराठी अर्थांसह फळ्यावर लिहून ठेवली होती आणि पाळी लावली होती, एका पोराला एक हुकूम. इंग्रजी शिकवायचा तो त्यांचा मार्ग होता, आणि मी आजपर्यंत पाहिलेला सगळ्यात चांगला. एकदा वाक्यात 'ग्रेट' आलं. आम्ही सगळे ओरडलो, महान! सरांनी फळ्यावर दोन्ही स्पेलिंगं शेजारी शेजारी लिहिली. कानाला शब्द एकच, पण हा दुसरा ग्रेट म्हणजे जमिनीत बसवलेली लोखंडी जाळी. तिला कुलूप होतं आणि किल्ल्या होत्या झऱ्यावरच्या विटांच्या घरात. आम्ही त्याला 'मोटारीचं घर' म्हणायचो. पाण्याजवळ बांधलेलं विटांचं खोपटं आम्हाला तेवढंच ठाऊक होतं.

जाळीतून खाली गुहा. गुहेत एका मोठ्या दालनात हिरवागार साप वाट अडवून बसलेला. १९९६ साली मी आठवीत असताना आम्ही त्या सापापाशी अडकलो. कुऱ्हाड फेकून पाहिली, खाऊ देऊन पाहिलं, काही होईना. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस मशीनचं बटण दाबलं तर पंखा जरासा हलला आणि थांबला. त्यानंतर ते कधीच चालू झालं नाही. वर्ध्याला एकाला दाखवलं, तो म्हणाला बोर्ड गेला, नवीन घ्या. नवीन घेण्यासारखे पैसे कोणाकडंच नव्हते. चादरीत गुंडाळून ते माळ्यावर गेलं.

सरांचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. डोळ्यांचं बरंच गेलं आहे, माणूस उभा आहे एवढं कळतं. मी चादर सोडत होतो तेव्हा ते खाटेवरून म्हणाले, "पेटीत फ्लॉप्या असतीन. आधी त्या पाह्य." मी मात्र आधी मशीन पाहिलं. ही माझी चूक होती आणि ती महागात पडली.

घरी आणल्यावर आई म्हणाली, "ते भंगार कायले उचलून आणलं बाप्पा? आधीच दुकानात पाय ठेवाले जागा नाही." पुतणी नववीला आहे, ती मात्र लगेच जवळ येऊन बसली.

आमच्या धंद्यात बंद मोटार कधी सरळ लाइनवर लावत नाहीत. सिरीज बोर्डावर शंभर वॅटचा बल्ब मध्ये घेऊन लावतात, आत शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि बाकीचं वाचतं. इथंही तेच केलं. पॉवर सप्लाय बाहेर काढला, मागचं खटकं २३० वर आहे याची खात्री केली, बोर्डाकडं जाणाऱ्या तारा सोडल्या. असे जुने सप्लाय भार नसला तर सुरूच होत नाहीत, म्हणून पाच व्होल्टच्या तारांवर मोटारसायकलचा एक मोठा बल्ब जोडला. बटण दाबलं. सिरीजचा बल्ब एकदा झळकून मंद झाला, मोटारसायकलचा बल्ब मिणमिणला आणि पंखा फिरू लागला. मीटरवर पाच आणि बारा दोन्ही व्होल्ट बरोबर. म्हणजे सप्लाय शाबूत होता आणि त्याला कोणीतरी पुढून दाबून धरत होतं.

आता मीटर ओमवर घेऊन मदर बोर्डाच्या बारा व्होल्टच्या पिनेवर लावला. शून्याच्या आसपास, म्हणजे कुठंतरी शॉर्ट. कार्डं एक एक करून उपसली, तरी शून्यच. कार्डाच्या खाचांजवळ पिवळ्या थेंबासारखे टॅन्टलम कपॅसिटर असतात. म्हातारे झाले की हे आतून शॉर्ट होतात. वरून काही दिसत नाही, फुगत नाहीत, काळे पडत नाहीत. बारा व्होल्टच्या लाइनवर तसे चार होते. एकेकाचा एक पाय उचलत गेलो. तिसऱ्याचा पाय सुटला आणि मीटरचा आकडा एकदम वर चढला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा तो कपॅसिटर तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. एवढ्याशा वस्तूपायी आमचे रविवार बंद झाले होते, आणि ती आर्वीत कुठल्याही रेडिओवाल्याकडं तेव्हाही मिळाली असती. त्या जागी दहा मायक्रोफॅरडचा पंचवीस व्होल्टचा साधा कपॅसिटर बसवला, अधिक-उणे दोनदा पाहून. सप्लायचे दोन्ही जोड बोर्डात घालताना काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, उलटे बसले तर बोर्ड खरोखरच जाईल. पुतणीला ते मोठ्यानं म्हणायला लावलं आणि मग दाबले.

मॉनिटरला गरम व्हायला अर्धा मिनिट लागलं. मग वरच्या कोपऱ्यात आकडे सरकू लागले. मेमरी मोजत होतं, सावकाश, ६४० केबीपर्यंत. एक छोटी शीळ वाजली. पुतणी टाळ्या वाजवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

कीबोर्डपाशी दोन दिवस गेले. सरांचा कीबोर्ड उंदरांनी खाल्ला होता. कबाड्याकडून दुसरा आणला, पाच पिनांची तीच गोल टोपी, बसला नीट, पण एकही अक्षर उमटेना. एक्सटी आणि त्यानंतरच्या एटी मशीनचे कीबोर्ड दिसायला सारखे असले तरी बोलतात वेगळ्या पद्धतीनं. काही कीबोर्डांच्या पाठीवर त्यासाठी बारीक खटकं असतं. माझ्या नशिबानं त्यालाही होतं, मातीखाली दडलेलं. ते एक्सवर सरकवलं आणि चाललं.

आणि मग मी ती चूक केली. मशीन चालू झाल्याच्या आनंदात पेटी उघडली, वरची फ्लॉपी घेतली आणि ड्राइव्हमध्ये सरकवली. लेबलवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आठवी अ, गुणपत्रक'. सरांनी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम होता तो. ड्राइव्हमधून खरवडल्यासारखा आवाज आला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मी दांडी उघडून बाहेर काढेपर्यंत चारेक सेकंद गेले असतील. फ्लॉपीच्या खिडकीतून पाहिलं तर तपकिरी तबकडीवर एक पारदर्शक गोल कडी उमटली होती. त्या रेघेवरचा ऑक्साइडचा थर पूर्ण निघून गेला होता, आणि थरासोबत त्याच्यावर लिहिलेलं सगळं.

झालं असं होतं की फ्लॉपीवर बुरशी होती. पंचवीसेक पावसाळे गळक्या कवेलूखाली काढल्यावर दुसरं काय होणार. उजेडात तिरपी धरली तर पांढुरके गोल ठिपके स्पष्ट दिसत होते. ड्राइव्हच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, जुना मळ कडक होऊन बसलेला. दोन्हींनी मिळून कानशीसारखं काम केलं. सर म्हणाले होते आधी फ्लॉप्या पाह्य. मशीन आणखी दहा वर्षं पडून राहिलं असतं तरी मला दुरुस्त करता आलं असतं. फ्लॉपीवरून एकदा थर निघाला की तो परत लावता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोरायचे मार्क मले तोंडपाठ आहेत. बाकीच्या नीट पाह्य."

पेटीत चौदा होत्या. त्यातली एक गेली. उरलेल्या तेरांपैकी एकीवर नुसतं 'गुहा' लिहिलं होतं. ती मी सगळ्यांत शेवटी घ्यायची ठरवली. हात बसल्याशिवाय तिला शिवायचं नाही.

धुण्याची पद्धत सांगतो, कारण एवढं नीट कोणी सांगितलेलं मला मिळालं नव्हतं. फ्लॉपीचं काळं पाकीट वरच्या कडेनं ब्लेडनं अलगद कापायचं, आतल्या तबकडीला ब्लेड लागता कामा नये. तबकडीच्या मधल्या भोकाजवळ वरच्या बाजूला मार्करनं बारीक खूण करायची. परत घालताना ती उलटी गेली तर वरची बाजू खाली जाते आणि काहीच वाचता येत नाही. मग मधल्या भोकात बोट घालून तबकडी बाहेर काढायची, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. परातीत कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. मऊ सुती कापड, चष्मा पुसायचं असतं तसं, मधून कडेकडं हलक्या हातानं. जिथं बुरशी सुटत नाही तिथं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं हे स्पिरिट बाटलीभर मिळतं. ॲसिटोन मात्र जवळही आणू नका, ते थर विरघळवतं. शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो ते पाणी वापरून खळखळायचं, कारण आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. दोऱ्यात ओवून सावलीत टांगायचं. आमच्याकडं मे महिन्यात पंधरा मिनिटांत वाळते, पण मी रात्रभर ठेवली. जुनं पाकीट परत वापरायचं नाही, त्याच्या आतल्या कापडात बुरशी असते. कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट त्याच जागी कापून तबकडी त्यात घालायची.

पुतणीनं एका दिवसात चार धुतल्या. माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे.

मधल्या काळात ड्राइव्ह उघडला. कानातल्या काडीला आयपीए लावून हेड पुसले, काडी काळी यायची थांबेपर्यंत. वरच्या हेडची पट्टी जोरानं उचलायची नाही, तिची स्प्रिंग वाकली तर हेड पुन्हा नीट टेकत नाही. हेड ज्या दोन दांड्यांवर सरकतं त्यांच्यावरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. स्वच्छ केलेली एक कमी महत्त्वाची फ्लॉपी घातली, आता आवाज गोड होता, पण वाचता वाचता अडखळत होतं. कधी फाइलींची यादी यायची, कधी सेक्टर, म्हणजे फ्लॉपीवरचा माहितीचा खण, मिळत नाही म्हणायचं.

इथं मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला, म्हणून जरा थांबून सांगतो. हा ड्राइव्ह जुना, जाड, पट्ट्यावर चालणारा. त्याची तबकडी मिनिटाला ३०० फेरे फिरली पाहिजे. पोटाखालच्या मोठ्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळं छापलेली असतात, एक ५० हर्ट्झसाठी आणि एक ६० साठी. आपल्याकडची वीज ५० ची. जुन्या पद्धतीची, लोखंडी चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजेड कमी-जास्त करते, डोळ्याला कळत नाही एवढंच. तीनशेचा वेग म्हणजे सेकंदाला पाच फेरे. वर्तुळावर वीस रेघा असल्या तर उजेडाच्या दर झळकेला मागची रेघ बरोबर पुढच्या रेघेच्या जागी आलेली असते, आणि फिरतं चाक थांबल्यासारखं दिसतं. वेग कमी असला तर रेघा मागं सरकताना दिसतात, जास्त असला तर पुढं.

गावात आता घरोघरी एलईडी. एलईडीखाली काहीच दिसेना, रेघांचा नुसता राखाडी पट्टा. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुनी पट्टी आहे, स्टार्टर फडफडणारी, आई कधीची काढून टाक म्हणते ती. तिच्याखाली ड्राइव्ह उलटा धरला. रेघा हळूहळू मागं सरकत होत्या. छोट्या बोर्डावरचा स्क्रू बारीक पेचकसानं अगदी केसभर फिरवला. सरकणं मंदावलं. आणखी केसभर. रेघा थांबल्या. चाक गरगर फिरत होतं आणि रेघा भिंतीवर काढल्यासारख्या स्तब्ध होत्या. पुतणीनं हात लावून पाहिला, खरंच फिरते का म्हणून.

'गुहा' थेट एक्सटीत घालायची नाही हे आता पक्कं होतं. आधी तिची नक्कल काढायची आणि खेळायचं नकलेवरून. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड मागवला. एका बाजूनं फ्लॉपी ड्राइव्ह, दुसऱ्या बाजूनं यूएसबीतून लॅपटॉप. फ्लॉपीवरच्या चुंबकीय बदलांच्या वेळा तो जशाच्या तशा टिपून घेतो, म्हणजे एखादा भाग खराब असला तरी पुन्हा पुन्हा फिरवून त्यातून अक्षरं काढता येतात. त्याला जोडायला नागपूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडून १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह आणला. ३६० केबीच्या फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येकी ४० ट्रॅक, म्हणजे गोल वाटा, प्रत्येक ट्रॅकवर नऊ सेक्टर, म्हणजे ७२० खण. धुतलेली 'गुहा' घातली. पहिल्या फेरीत ७२० पैकी ७०९ मिळाले. हरवलेले अकरा सगळे एकाच भागातले. फ्लॉपी काढून तिरपी धरली, तिथं बुरशीचा एक फिकट डाग राहिला होता. पुन्हा आयपीए, पुन्हा रात्रभर वाळवणं. दुसऱ्या सकाळी ७२० च्या ७२० आले. ती फ्लॉपी मी वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या कपाटात ठेवली. दुकानात स्पीकर, मिक्सरच्या मोटारी, जिकडं तिकडं चुंबक, तिथं तिला न्यायचंच नाही.

नक्कल लिहिली एका वापरलेल्या फ्लॉपीवर. लॅपटॉपवर तपासली, उत्तम. एक्सटीत घातली, वाचेना. तीन फ्लॉप्या बदलल्या, तोच प्रकार. दोन रात्री मी ड्राइव्हलाच दोष देत होतो. कारण असं की १.२ एमबीच्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं, त्यानं तेवढ्याच जागेत ८० ट्रॅक बसवायचे असतात. ते ३६० च्या रुंद पाऊलवाटेच्या मधोमध एक बारीक वाट पाडतं, आणि दोन्ही कडांना जुनं लिखाण तसंच राहतं. एक्सटीच्या रुंद हेडला जुनं आणि नवं एकदम ऐकू येतं, म्हणून ते गोंधळतं. एक्सटीचाच ड्राइव्ह सोडून लॅपटॉपला लावला असता तर हा प्रश्नच आला नसता. पण इतक्या कष्टानं वेग लावून बसवलेल्या त्या ड्राइव्हला पुन्हा हात लावायला मन धजेना.

उपाय माझ्या टेबलावरच होता. आर्मेचर तपासायला आम्ही ग्राउलर वापरतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखी लोखंडी बैठक आणि आत कॉइल, विजेवर घुमणारी. उलटसुलट होणारं चुंबकत्व म्हणजे फ्लॉपी कोरी करायचं हत्यारच. जुनी फ्लॉपी ग्राउलरवर हळूहळू गोल फिरवली, आणि ग्राउलर चालू असतानाच हातभर लांब नेली, मगच बटण बंद केलं. जवळ असताना बंद केलं तर शेवटचा ठसा तसाच राहतो. पूर्ण कोऱ्या झालेल्या त्या फ्लॉपीवर नक्कल पुन्हा लिहिली. कडांना आता जुनं काहीच नव्हतं. एक्सटीत घातली, आणि यादी सरळ उमटली. इतकी वर्षं ज्या हत्यारानं पोट भरतो त्यानं हे काम करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मशीन सरांच्या ओसरीत नेऊन मांडलं, जुन्याच जागी. रब्बीचं पाणी सुरू असताना संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं, म्हणून स्टॅबिलायझर लावला आणि मागं दुकानातला इन्व्हर्टर. सर खुर्चीत, त्यांना पडदा दिसत नाही. पुतणी कीबोर्डवर, मांडीवर कालनिर्णयचं पाठकोरं पान, नकाशा काढायला. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, सरांनी हुकूम द्यायचा. पहिलंच वाक्य वाचलं आणि सर म्हणाले, "मोटारीच्या घरात जाय. किल्ल्या घे, दिवा घे." त्यांना सगळं पाठ होतं.

सरांना आता टीव्ही नीट पाहता येत नाही, पेपर वाचता येत नाही, नातवाच्या मोबाइलवरचे खेळ तर नाहीच नाही. हा खेळ मात्र त्यांना माझ्याइतकाच दिसत होता, कारण त्यात दिसण्यासारखं काहीच नाही. "मले नाही दिसत रे," ते म्हणाले, "पन आयकू तं येते नं. मंग झालं." वाटा, दालनं, उंची, अंधार, सगळं वाक्यांत आहे, आणि वाक्य कोणीही कोणाला वाचून दाखवू शकतो. हे मला आठवीत असताना कळायचं काही कारण नव्हतं.

पुतणीनं विचारलं, ही गुहा खरी आहे का? आहे. अमेरिकेत केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अफाट मोठी गुहा आहे. विल क्राउदर नावाचा प्रोग्रॅमर तिथं गुहा धुंडाळायला जायचा, बायको पॅट्रिशियाही त्यातलीच. गुहेची मोजमापं कॉम्प्युटरवर घालून त्यांनी नकाशेही केले होते. दोघं वेगळे झाल्यावर, १९७५-७६ च्या सुमारास, आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून त्यानं ओळखीची गुहा शब्दांत उतरवली, पीडीपी-१० या मोठ्या मशीनवर, फोरट्रान भाषेत. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनं त्यात भर घातली, खजिने वाढवले, आणि एकूण गुण ३५० केले. सर मध्येच म्हणाले, "बाप पोरीयसाठी लिहिते, तवा असं होते."

पुतणीच्या लगेच लक्षात आलं की मशीन शब्दाची पहिली पाचच अक्षरं पाहतं. ईशान्येला जायला 'नॉर्थईस्ट' पूर्ण टाइप केलं तर ते नुसतं 'नॉर्थ' समजतं आणि उत्तरेला नेतं, म्हणून तिथं दोनच अक्षरं टाकायची. दिव्याचा सेल ३३० चालींचा. ते ऐकल्यावर तिनं नकाशाच्या कडेला पाच-पाचच्या रेघा मारून चाली मोजायला सुरुवात केली. आमच्या वेळी हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमचा दिवा नेहमी विझायचा.

सापाच्या दालनात पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. साप अजून तिथंच बसला होता. मी वाचून दाखवलं आणि सरांकडं पाहिलं. ते गप्प. मी कुऱ्हाड म्हणालो, ते गप्प. पुतणी म्हणाली, "काका, मघाशी ते पाखरू होतं नं, ते धरून आनू काय?" पाखरू आम्हालाही १९९६ साली दिसलं होतं, पण जवळ गेलं की ते घाबरून निसटायचं. "तुह्या हातात काय काय आहे, वाच," सर म्हणाले. दिवा, पिंजरा, काळी काठी. पुतणीनं यादी दोनदा वाचली. मग म्हणाली, "काठी पाहून भेत असंन ते." मागं जाऊन तिनं काठी खाली ठेवली. पाखरू पिंजऱ्यात आलं.

परत सापापाशी. पाखरू सोड, असं तिनं टाइप केलं. त्या एवढ्याशा पाखरानं सापाला पळवून लावलं. मी वाक्य वाचताना माझा आवाज बसला होता.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं.

"हो. नागपूरच्या मित्रानं फ्लॉपी देली तवाच सांगितलं होतं. मनलं पोरं काढतीन शोधून, कायले सांगा. अन् मंग मशीनच बंद पडलं." सरांनी खुर्ची पुढं ओढून घेतली. "आता याच्या पुढचं मात्र मलेही माहीत नाही. वाच."